मर्जानच्या गावी चार दिवस



शाळेत सूरह रहमानचा अर्थ मुलांना समजावताना दर वर्षी एका शब्दापाशी आम्ही थांबतो. दोन समुद्रांतून लूलू आणि मर्जान निघतात, असा तिथे उल्लेख आहे. लूलू म्हणजे मोती, हे मुलांना लगेच कळते. मर्जान म्हटले की वर्गात शांतता. उर्दूत मूंगा, मराठीत पोवळे, शास्त्राच्या पुस्तकात प्रवाळ. (काही जुन्या मुफस्सिरांनी मर्जानचा अर्थ बारीक मोती असाही केला आहे, हे मोठ्या वर्गाला आम्ही सांगतो.) एखादा मुलगा आजोबांच्या अंगठीतला लाल खडा आठवून सांगतो. पण तो लाल मूंगा मुख्यतः भूमध्य समुद्रातला, वेगळ्या जातीचा. ज्या प्रवाळांनी समुद्रात डोंगराएवढ्या भिंती बांधल्या, बेटे उभी केली, ते आपल्याच अरबी समुद्रात आहेत, आणि त्या बेटांवर राहणारे शंभरातले शहाण्णव लोक मुसलमान आहेत, हे बहुतेक मुलांना ठाऊक नसते. मोठ्यांनाही फारसे ठाऊक नव्हते. २०२४च्या जानेवारीत लक्षद्वीपचे नाव अचानक सगळ्यांच्या तोंडी आले, तेव्हा कुठे नकाशे उघडले गेले.

लहान सुट्टीत, घरची माणसे सोबत घेऊन, प्रवाळ पाहायला लक्षद्वीपला जाता येईल का, असे काही भगिनींनी विचारले आहे. योगायोगाने आमच्याही घरात गेले सहा महिने हाच विषय आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि मुलांची दादी. त्यामुळे जे चौकशी करून, फोन करून, जाऊन आलेल्यांशी बोलून कळले, ते इथे देतो.

पहिली गोष्ट परवाना. लक्षद्वीप भारतातच असले तरी आपल्याला तिथे मनात आले आणि निघालो, असे करता येत नाही. १९६७च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला प्रवेश-परवाना लागतो. बेटे लहान, लोकवस्ती दाट आणि साधनसामग्री मोजकी, म्हणून हे बंधन. अर्ज ऑनलाइन भरता येतो. फोटो आणि ओळखपत्र लागते, पोलीस पडताळणीचा दाखलाही मागितला जातो. आपल्याकडे पोलीस ठाण्यातून दाखला मिळायला किती दिवस लागतात हे ज्याने पासपोर्ट काढला आहे त्याला सांगायला नको, म्हणून दोन-अडीच महिने आधी कामाला लागावे. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी प्रशासनाच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे तेच खरे मानावे. क्रम असा ठेवावा: राहण्याची सोय पक्की, मग परवाना, मग तिकीट. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने उलटे केले. एका एजंटाच्या भरवशावर तिकिटे काढली, परवाना आलाच नाही, आणि पैसे अजून त्याच्याकडे अडकले आहेत. सरकारी पर्यटन संस्थेकडे थेट चौकशी करणे केव्हाही बरे.

एकूण छत्तीस बेटे, त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तरी बत्तीस चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराचे क्षेत्रफळ यापेक्षा जास्त असते. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या आसपास होती. पर्यटकांना त्यांतली मोजकीच बेटे खुली आहेत: अगत्ती, बंगारम, तिन्नकरा, कदमत, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. जाण्याचा मार्ग कोचीवरून. आपल्याकडून कोचीला जायला एक गाडी आहे जिचे नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. भुसावळ, मनमाड, नाशिक, कल्याण, पनवेल, रत्नागिरी असा आपल्या वाचकांचा जवळजवळ निम्मा नकाशा ती पालथा घालते. गाडीच्या नावात लक्षद्वीप आहे म्हणून मुलाने विचारले, ही समुद्रात कुठे थांबते? ती एर्नाकुलमलाच थांबते. पुढचे आपले आपण पाहायचे.

पुढे दोन रस्ते. जहाज किंवा विमान.

जहाजाची ओढ आम्हाला आधी होती. सरकारी पर्यटन संस्थेची ‘समुद्रम्’ नावाची पाच दिवसांची सहल आहे. एम. व्ही. कवरत्ती या सातशे प्रवाशांच्या जहाजावरून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे दाखवतात. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. राहणे-जेवणे त्यातच. कोचीहून बेटांपर्यंत चौदा ते अठरा तासांचा समुद्रप्रवास. मिनिकॉयला १८८५ साली बांधलेले दीपगृह आहे. तिथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, आणि तिची थाना लिपी उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या लिपीची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून, एक ते नऊवरून, घेतलेली आहेत. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे वाचल्यावर झोप लागेल का? तरीही मिनिकॉय आम्ही या वेळी सोडले आहे, आणि त्याची हळहळ आहे.

कारण दादीचे गुडघे. बऱ्याच बेटांवर जहाज धक्क्याला लागत नाही. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, मोठे जहाज जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना जहाजाच्या दारातून खाली हलणाऱ्या छोट्या बोटीत उतरावे लागते. खलाशी हात धरतात, सवयीचे असतात, पण लाट वर आली की पाऊल टाकायचे आणि खाली गेली की थांबायचे, हे सत्तरीच्या बाईला, तेही साडी किंवा बुरख्यात, जमेलच असे नाही. पाच दिवसांत हे तीन वेळा चढायचे आणि तीन वेळा उतरायचे. ज्यांच्या घरात वडीलधारे नाहीत किंवा धडधाकट आहेत, त्यांनी जहाजच घ्यावे असे आमचे मत. एकाच खर्चात तीन बेटे पाहून होतात. मात्र प्रवाळ पाहण्यासाठी म्हणून जायचे असेल, तर प्रत्येक बेटावर पाण्यात राहायला तास-दोन तासच मिळतात, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून विमान. कोचीहून अगत्तीला छोटे विमान सुमारे दीड तासात पोचते. बंगळुरू आणि गोव्याहूनही अलीकडे अगत्तीची विमाने सुरू झाली, पण वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, आधी पाहून घ्यावे. सामानाच्या वजनावर मर्यादा कडक. दादीने मुरमुरे-चिवड्याचे दोन डबे आत्ताच बाजूला काढले आहेत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न उरला आहे. अगत्ती लांबीला साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि रुंदीला फार तर एक किलोमीटर. विमान उतरते तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्र असतो. तीन रात्री तिथे, आणि परतताना कोचीत एक दिवस मोकळा. हा मोकळा दिवस चैनीचा नाही. हवा बिघडली की विमान रद्द होते, आणि पुढच्या गाडीचे आरक्षण हातचे जाते.

आता ऋतू. ऑक्टोबर ते मेचा मध्य हा जाण्याचा काळ. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. खरे तर जानेवारी ते मार्च सगळ्यांत चांगले, पाणी स्वच्छ आणि शांत. पण शाळेत शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला तेव्हा परीक्षा. मेमध्ये उकाडा. राहिली दिवाळीची सुट्टी. त्या दिवसांत अधूनमधून वादळाचा धोका असतो. २०१७च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळ या बेटांवरूनच गेले होते. म्हणून हवामान खात्याचा अंदाज पाहत राहायचे, आणि नाही म्हटले तर नाही, ही मनाची तयारी ठेवायची.

खर्चाबद्दल. दोन वर्षे भिशी लावून पैसे जमवले. आमच्या नात्यातल्या एक खाला ऐकून म्हणाल्या, “एवढे पैसे आहेत तर उमराह करून या ना!” हा प्रश्न वाचकांपैकी अनेकांना ऐकावा लागेल, म्हणून त्यावर दोन शब्द. उमराहची नियत आहे, त्यासाठी वेगळी बचत चालू आहे, आणि पाच माणसांच्या उमराहचा खर्च याच्या कितीतरी पट. हे पैसे तिकडे वळवले म्हणून ती लवकर होणार नाही. कुरआनमध्ये जमिनीवर फिरून पाहण्याचा आदेश एकदा नाही, अनेकदा आला आहे. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हे खरे. पण लग्नात एका दिवसाच्या मंडपावर आणि जेवणावळीवर जे उडते, त्याला कोणी इसराफ म्हणत नाही आणि मुलांना अल्लाहची कुदरत दाखवायला नेले की सगळ्यांना हिशेब आठवतो. खालांना आम्ही हे इतक्या स्पष्ट शब्दांत बोललो नाही. इथे लिहितो, मासिक त्यांच्या घरी जाते.

प्रवासातल्या नमाजचे सांगायचे तर कसर करायची, हे सगळ्यांना माहीत. हनफी घरांत पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार फर्जच्या जागी दोन. लक्षद्वीपचे लोक शाफई आहेत, आणि आपल्या वाचकांत कोकणातली शाफई घरे बरीच. त्यांच्याकडे मुक्कामाच्या दिवसांचा हिशेब वेगळा आहे आणि प्रवासात जुहर-असर, मगरिब-इशा एकत्र करण्याची मुभा आहे. तपशील आपापल्या मौलानांना विचारून घ्यावा. किब्ला तिथे पश्चिमेच्या जरा उत्तरेला. मशिदींची मात्र चिंता नको, हाकेच्या अंतरावर असतात. कवरत्तीची उज्रा मशीद तिच्या कोरीव लाकडी छतासाठी प्रसिद्ध आहे. बेटांवर इस्लाम हजरत उबैदुल्लाह यांनी हिजरीच्या पहिल्याच शतकात आणला अशी तिथली परंपरा सांगते, आणि त्यांची मजार अंद्रोत बेटावर आहे.

जेवण हलाल की नाही, हा प्रश्न तिथे पडत नाही. बंगारमचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे. भात, नारळ आणि ट्यूना मासा हा रोजचा आहार. ट्यूना ते जाळ्याने नाही, गळाने एक-एक धरतात. लगूनमधले छोटे जिवंत मासे पाण्यात फेकून थवा वर आणायचा आणि काठी-गळाने भराभर ओढायचा. उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा वाळवलेला ट्यूना म्हणजे ‘मास’, तो वर्षभर टिकतो. आपल्या सुकटीचा थोरला भाऊ म्हणा. बेटांवर ऑक्टोपसही खातात. माकूल चवीने खाणाऱ्या कोकणी घरांना त्याचे काही वाटणार नाही. हनफी पाहुण्याने नम्रपणे मासा मागून घ्यावा, वाद घालू नये.

एक गोष्ट खास भगिनींसाठी. या बेटांवर घर आईच्या वंशात चालते. घराण्याची जुनी मिळकत मुलींच्या शाखेतून पुढे जाते, आणि स्वतः कमावलेली मिळकत शरीअतप्रमाणे वाटली जाते. पहिलीला तिथे ‘शुक्रवारची’ आणि दुसरीला ‘सोमवारची’ मिळकत म्हणतात. दोन्ही रिवाज शेकडो वर्षे शेजारी नांदत आले. आपल्याकडे तर शरीअतने दिलेला बहिणीचा वाटाही “तिला लग्नात दिले की” म्हणून गिळला जातो. त्यावर वेगळा लेख हवा. २०११मध्ये तिथले साक्षरतेचे प्रमाण एक्क्याण्णव टक्क्यांच्या वर होते, तेही लक्षात ठेवण्यासारखे.

आता मूळ मुद्दा, प्रवाळ. वर्गात विचारले की निम्मी मुले त्याला दगड म्हणतात, निम्मी झाड. तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढ्या आकाराचा मऊ जीव, तोंडाभोवती बारीक शुंडके. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा भाग यजमानाला देते. प्रवाळाला रंगही बहुतेक त्या भाडेकरूचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, उबदार आणि स्वच्छ पाणी लागते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, प्रकाश खाली पोचत नाही, त्यामुळे मोठ्या प्रवाळभिंती झाल्या नाहीत. लक्षद्वीपजवळ एकही नदी नाही. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वर वाढत राहतात, शेवटी बेट बुडते आणि प्रवाळांचे कंकण उरते, हे डार्विनने १८४२च्या आपल्या पुस्तकात मांडले. ही बेटे तशाच कंकणांच्या कडेवर बसलेली आहेत.

पायाखालची पांढरी वाळूही प्रवाळांची आणि शिंपल्यांचीच. त्यातला बराच भाग पोपटमाशाच्या पोटातून आलेला. पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी हा मासा मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडतो, सोबत चुनाही गिळतो आणि बारीक वाळू करून मागे टाकतो. मोठ्या जातीचा एकच मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. हे ऐकल्यावर सहावीतल्या साहेबांनी त्या वाळूत बसून जेवायला नकार दिला आहे.

पण मुलांना घेऊन जाण्याआधी एक गोष्ट आम्ही त्यांना सांगून ठेवली आहे. पुस्तकातल्या चित्रासारखे सगळीकडे दिसणार नाही. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जरी वर गेले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकतो. मग तो पांढराफटक पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. उष्णता लवकर उतरली तर सावरतो, नाहीतर मरतो आणि त्यावर शेवाळ चढते. लक्षद्वीपमध्ये हे १९९८मध्ये मोठ्या प्रमाणावर झाले, पुन्हा २०१०मध्ये, पुन्हा २०१६मध्ये, आणि २०२४मध्ये जगभर प्रवाळ पांढरे पडले तेव्हाही. अगत्ती, कदमत आणि कवरत्तीभोवतीचे जिवंत प्रवाळ १९९८नंतरच्या चोवीस वर्षांत जवळजवळ निम्मे झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. गोल गोट्यासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतो. आपल्या मुलाच्या उंचीएवढा एक गोटा म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षे. दोन आपत्तींमध्ये सावरायला वेळच उरत नाही.

आणि हे फक्त शोभेचे नुकसान नाही. बेटे समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर उंच. पावसाळी लाट बाहेरच्या भिंतीवर फुटते म्हणून आतली घरे उभी आहेत. भिंत मेली की तिची झीज होते, लाट आत येते, किनारा खचतो. पिण्याचे पाणीही त्याला बांधलेले आहे. बेटाच्या सच्छिद्र पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, विहिरीत तेच येते. जास्त उपसले किंवा समुद्र आत सरकला की विहीर खारट. म्हणून २००५ साली कवरत्तीला समुद्राच्या खोलवरच्या थंड पाण्याच्या मदतीने वरच्या कोमट पाण्यापासून गोडे पाणी करणारे, दिवसाला एक लाख लिटरचे संयंत्र बसवले, पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही. तेव्हा तिथे गेल्यावर नळ सोडून वुजू करायची नाही, तांब्या घ्यायचा. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम किती थोड्या पाण्यात वुजू करत, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तिथे ते करून पाहायची संधी आहे.

मग जावे तरी का, असे मुलीने विचारले. आपण गेलो नाही तर त्यांचे बरेच होईल ना, अम्मी? प्रश्न सोपा नाही. पाणी तापते ते आपल्या चार दिवसांच्या सहलीने नाही, पण ज्या विमानाने जातो ते धूर सोडतेच. आमचे म्हणणे असे की बेटांवरच्या लोकांना मासा आणि नारळाखेरीज पाहुण्यांकडूनही चार पैसे मिळतात, आणि जे पाहिले नाही त्याच्याबद्दल कोणाला कळवळा येत नाही. पण मोठ्या हॉटेलापेक्षा गावातल्या घरगुती मुक्कामात राहावे, थोडी माणसे जावीत, आणि नियम पाळावेत. मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही. आमचेही झालेले नाही.

नियम म्हणजे हे. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही. दम लागला तर लाइफ जॅकेटवर पाठीवर तरंगायचे, उभे राहायला खालचा “दगड” शोधायचा नाही. माशांना पाव टाकायचा नाही. मेलेला प्रवाळही उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. शोकेससाठी खिशात घातलेला तुकडा परतताना महागात पडू शकतो. उथळ पाण्यात चालताना रबरी बूट घालावेत, काटेरी समुद्रसाळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा यांच्यापासून बचाव होतो. गाइडशिवाय लगूनच्या तोंडाशी जायचे नाही, तिथे ओढ असते. स्कूबा केल्यास त्यानंतर एक पूर्ण दिवस विमानात बसायचे नाही. आणि हृदयाचा, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. तिथे गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला आणावे लागते.

आता ज्या विषयावर आमच्या घरात सर्वांत जास्त बोलणे झाले, तो. पाण्यात कोण उतरणार? सहलीचे फोटो पाहिले की चित्र ठरलेले: अब्बा आणि मुलगे पाण्यात, आणि अम्मी, दादी, मुलगी वाळूत पिशव्या सांभाळत. तीन दिवसांसाठी एवढा खर्च करून घरातल्या अर्ध्या माणसांनी समुद्राचा वरचा पृष्ठभाग पाहून परत यायचे? मर्जान खाली आहे. मुलीने तर स्पष्ट सांगितले, “मला वाळूतच बसवणार असाल तर मी नानीकडे राहते.” मुलांच्या अब्बांना आधी संकोच वाटला. पोशाखाचा प्रश्न सुटला तेव्हा तोही सुटला. अंगभर पोहण्याचा पोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, तो २००४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झानेती या मुसलमान बाईंनी तयार केला. गंमत म्हणजे प्रवाळांसाठीही हाच पोशाख उत्तम. उघड्या अंगाला लोक उन्हाचे मलम फासतात, त्यातली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांना घातक ठरतात. त्यासाठी पलाऊने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून असली मलमे बंद केली. झाकलेल्या अंगाला मलम लागतच नाही, चेहरा आणि हातांपुरते जस्ताचे घेतले की झाले. खरचटणेही वाचते. शिवाय वस्ती असलेल्या बेटांवर पाहुण्यांनी अंगभर कपडे घालावेत, अशी तिथल्या लोकांचीच अपेक्षा असते.

तरंगायला मात्र आधी शिकावे. बऱ्याच शहरांत पोहण्याच्या तलावावर महिलांची वेगळी वेळ असते. आमची मुलगी आणि आम्ही दोन महिने जात आहोत. पोहणे फार येण्याची गरज नाही. तोंड पाण्यात घालून नळीतून शांतपणे श्वास घेता आला, आणि मुखवट्यात पाणी शिरले तर घाबरून न जाता ते बाहेर काढता आले, की लगूनमध्ये पुरते. दादी पाण्यात उतरणार नाही. तिच्यासाठी काचेच्या तळाच्या बोटीची चौकशी केली आहे, ती बऱ्याच बेटांवर मिळते.

लक्षद्वीप ज्यांना झेपणार नाही त्यांनी मालवण विसरू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झाले आहे, आणि स्नॉर्केलिंगची सोय आहे. पाणी लक्षद्वीपइतके नितळ नाही. पण डिसेंबर-जानेवारीत, समुद्र शांत असताना, दोन दिवसांत जाऊन येता येते आणि परवाना लागत नाही. गर्दीच्या सुट्टीत जाऊ नये, एका बोटीतून वीस-वीस माणसे उतरतात तेव्हा खाली काय होत असेल ते सांगायला नको.

शेवटी, बुर्किनीच्या शिवणाबद्दल. तयार पोशाख महाग पडतो, म्हणून आम्ही गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या भाभींकडून शिवून घेतला. कापड नायलॉन-लायक्राचे, गडद रंगाचे. सुती अजिबात नको, पाणी पिऊन जड होते आणि अंगाला ओढते. पायजमा घोट्याशी इलॅस्टिकने बंद. कुर्ता गुडघ्याच्या वर, घेर कमी. पाण्यात कुर्ता फुगून वर येतो, त्यासाठी आतल्या बाजूला दोन बंद लावून ते पायजम्याच्या कमरेला बांधायचे, हे पहिल्या दिवशी तलावात कळले. डोक्याचे कुर्त्यालाच जोडून घ्यावे, पिन लावू नये. मुखवट्याचा पट्टा त्यावरून येतो, म्हणून कानावर जाड शिवण नको. दोन मीटर कापड नववीतल्या मुलीला पुरले, आम्हाला अडीच लागले.